मदत हवी आहे : परसातल्या पत्र्याच्या शेडला कोणता हीटर?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात घरामागे १० बाय ८ फुटांची, ८ फूट उंच पत्र्याची शेड आहे. थंडीत सकाळी दोन तास सुतारकाम. बाहेर १४ अंश असताना आत २२ हवेत.

भिंती आणि छप्पर मिळून ३४ चौरस मीटर उघडा पत्रा. हिशेबाने १६०० वॉट नुसत्या पत्र्यातूनच जातात, फटींचं वेगळं. म्हणजे २००० वॉटचा ब्लोअर (पंख्याचा हीटर) जेमतेम पुरेल, बंद केला की लगेच गार. शिवाय तो भुसा ओढून तापल्या कॉइलवर टाकणार, त्यामुळे बाद. हॅलोजन किंवा कार्बन हीटर ८०० वॉटमध्ये समोरच्या माणसाला ऊब देतो, पण हवा गारच राहते आणि लाकडाचा पांढरा गोंद गारठ्यात सावकाश धरतो. ऑइल हीटरची कॉइल तेलात बंदिस्त असते, मात्र अर्धा तास आधी लावावा लागतो.

वायरिंग ठीक आहे : २.५ चौरस मिमी तांब्याची वायर, २० मीटर, १६ अँपिअरचं सॉकेट, अर्थिंग, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). २००० वॉटला ८.७ अँपिअर लागतात. एक्स्टेंशन बोर्ड सुचवू नका, सॉकेट वितळतात.

छप्पर-भिंतींना आतून ५० मिमी रॉकवूल (दगडापासून केलेली, न पेटणारी लोकर) आणि वर सिमेंट बोर्ड मारला, तर १००० वॉटचा ऑइल हीटर पुरेल ना? (थर्माकोल नको, पेटतो.) पावसाळ्यात रॉकवूलमागे पत्र्याला घाम येऊन गंज धरतो का? बाष्प अडवायला प्लास्टिकचा कागद कुठल्या बाजूला लावलात? थिनरचं काम बाहेरच करतो, त्यामुळे आत त्याची वाफ पेटण्याचा प्रश्न नाही.