मदत हवी आहे: रविवार मोकळा आहे, तळ्याकाठी निवांत काय करता येईल?

वाफाळता_चहा
ऑफिसच्या कामासाठी परत स्विसला आलोय. शनिवारी काम संपतंय, रविवार अख्खा मोकळा. बघायचं ते मागच्या खेपेला बघून झालंय, त्यामुळे युंगफ्राऊ, टिटलिस कृपया सांगू नका. तळ्याच्या आसपासच राहायचंय, धावपळ नको. काय करू? जरा लवकर सांगा, गूगलवर 'टॉप टेन'शिवाय काही सापडत नाही.

भटकी_मांजर
सोप्पं आहे. एस-१० ट्रेन पकडून उटलीबर्ग. वरून अख्खं झुरिक दिसतं. उतरल्यावर किल्शबर्गला लिंटचं चॉकलेट म्युझियम, तिथला नऊ मीटरचा चॉकलेटचा कारंजा बघाच.

कराडकर
अहो मांजरबाई, झुरिक म्हणालंय कोण? स्विसमध्ये तळं नसलेलं गाव शोधावं लागेल. चहासाहेब, शहर कुठलं, सामान कुठे ठेवणार, विमान किती वाजता?

वाफाळता_चहा
जिनिव्हा हो! येत्या रविवारी. सकाळी हॉटेल सोडायचंय, विमान रात्री.

नियमावली
येता रविवार म्हणजे ऑक्टोबरचा शेवटचा. पहाटे तीनला घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा एक तास जास्तीची झोप. भारताशी फरकही साडेतीनचा साडेचार तास होतो, घरी फोन करताना लक्षात ठेवा. आणि शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं.

वाफाळता_चहा
व्हिसाचं मी विचारलंच नव्हतं.

डोंगरवेडा
एवढ्या लांब जाऊन तळ्याकाठी बसून राहणार? शामोनीला बसने साधारण दीड तास. केबल कारने एग्वी द्यु मिदी शिखरावर, ३,८४२ मीटर! माँ ब्लाँ समोर उभा. असा चान्स सोडायचा नसतो.

कराडकर
त्याला धावपळ नकोय म्हणून पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की हो.
चहासाहेब, बॅग कोर्नावाँ स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका. विमानतळ तिथून ट्रेनने सात-आठ मिनिटांवर, त्यामुळे संध्याकाळचं टेन्शन नाही. रविवारी दुकानं बंद असतात, पण स्टेशनातली चालू. काही घ्यायचं असेल तर तिथेच.

कारभारीण
कारूज गाठा! ट्रॅमने दहा-पंधरा मिनिटं. सार्डिनियाच्या राजाने १८व्या शतकात वसवलेलं, त्यामुळे इटालियन वळणाची बुटकी घरं. बाजार तर फारच गोड, चीजचे गाडे, फुलं.

नियमावली
कारूजचा बाजार बुधवार-शनिवार. प्लँपालेचा जुना बाजार रविवारी भरतो, पण महिन्याच्या पहिल्याच. दोन्ही बाद.

कारभारीण
बाजार नसला तरी गाव कुठे पळून जात नाही. गल्ल्यांमधून फिरायला काय झालं?

लेमानकाठी
मी इथेच राहते म्हणून सांगते. हॉटेलने ट्रान्सपोर्ट कार्ड दिलंय का? ट्रॅम, बस आणि तळ्यातल्या छोट्या पिवळ्या बोटी, ज्यांना मुएत म्हणतात, सगळं त्यात येतं. सकाळी जुन्या गावातल्या ट्रेय नावाच्या फिरण्याच्या जागी जा. १२० मीटर लांबीचं एकच लाकडी बाक आहे, १७६७ पासूनचं, समोर चेस्टनटची झाडं. खाली बास्तियाँ बागेत म्हातारे गुडघ्याएवढ्या सोंगट्यांनी बुद्धिबळ खेळतात. एकजण वजीर दोन्ही हातांनी उचलून खाली टेकवतो, मग मागे सरकून हनुवटी खाजवत उभा राहतो, आणि बघे त्याला फुकटचे सल्ले देतात. आपल्यासारखेच.
दुपारी पाकीच्या धक्क्यावर, बाँ दे पाकी. पोहण्याची जागा आहे, दीपगृहही आहे. ८०च्या दशकात पाडायला निघाले होते, लोकांनी १९८८ साली मतदान करून वाचवली. सप्टेंबरपासून तिथे फोंड्यू मिळतं, म्हणजे वितळलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खायचं. लांबलचक टेबलं, अनोळखी माणसांच्या कोपराला कोपर लावून बसायचं. धक्क्यावरूनच मुएत पकडून पलीकडच्या काठावर ओ-व्हीवला उतरा, तळ्यातला तो प्रसिद्ध उंच फवारा दोन पावलांवर. जोराचं वारं असलं तर मात्र तो बंद ठेवतात.

वाफाळता_चहा
हे आवडलं! कार्ड मिळालंय. मी शाकाहारी आहे, फोंड्यू चालेल ना?

कारभारीण
चीजच तर असतं, बिनधास्त खा.

नियमावली
फोंड्यूतल्या खऱ्या ग्रुयेर चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. शिवाय फोंड्यूत वाइन पडते.

कारभारीण
मग पिझ्झाही सोडावा लागेल माणसाने!

वाफाळता_चहा
अंडं-मांस खात नाही, चीज खातो. पुढे चला.

डोंगरवेडा
सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नटराज तरी बघ. भारत सरकारने २००४ मध्ये दिलेली दोन मीटरची मूर्ती आहे.

लेमानकाठी
ती आतल्या इमारतींपाशी आहे, रस्त्यावरून दिसत नाही. सर्नचं प्रदर्शन, सायन्स गेटवे, रविवारी उघडं असतं आणि फुकट आहे, पण तिथे अर्धा दिवस जातो.

कराडकर
वेळ उरला तर जाँक्सियाँच्या पुलावर जा. तळ्यातून निघालेली निळीशार ऱ्होन आणि माँ ब्लाँकडची गाळ घेऊन येणारी आर्व्ह इथे मिळतात. दोन रंगांचं पाणी बराच वेळ शेजारी शेजारी वाहत राहतं. उन्हाळ्यात जास्त उठून दिसतं, तरी जाच. आमच्या कराडच्या प्रीतिसंगमाची आठवण येते.

डोंगरवेडा
कृष्णा-कोयनेची सर नाही हो त्याला! समोरासमोर येऊन भिडतात त्या.

कराडकर
ते बाकी खरं. आणि घाटावरची भेळ?

वाफाळता_चहा
ठरलं: बाक, बुद्धिबळ, फोंड्यू, बोट. पूल जमला तर. भाच्यासाठी स्विस चाकू घ्यायचाय, रविवारी स्टेशनात मिळेल?

नियमावली
फक्त केबिन बॅग असेल तर घेऊ नका, सिक्युरिटीला काढून घेऊ शकतात. चेक-इन बॅग आहे का?

वाफाळता_चहा
नाही. चॉकलेटच देतो त्याला.

भटकी_मांजर
लिंटचं घे! बरं, मी डिसेंबरात लोझानला चाललेय, तिथे दोन दिवसांत काय काय होईल?

कराडकर
वेगळा धागा काढा बाई. आणि त्यात शहराचं नाव पहिल्या ओळीत लिहा.