नवी एसयूव्ही: ॲव्हरेज कमी, आवाज जास्त आणि उत्तर एकच, 'नॉर्मल आहे'

वाघोलीकर

माझं मत आधीच सांगून टाकतो. हल्लीच्या छोट्या टर्बो पेट्रोल एसयूव्ही चाचणीत चांगला आकडा काढण्यासाठी बनवल्यात, वाघोलीहून हिंजवडीला जाण्यासाठी नाही.

आमची आधीची गाडीही एसयूव्हीच होती. दीड लिटरचं साधं पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर, टर्बो नाही, पाच गिअर. शहरात एसी लावून साडेबाराच्या आसपास द्यायची. नवी त्याच आकाराची, १.२ लिटर, तीन सिलिंडर, टर्बो. कागदावर १८ च्या वर. शहरात साडेनऊ. रनिंग-इन कधीच संपलंय, सर्व्हिस वेळेवर, टायरमधली हवा मी स्वतः बघतो.

शिवाय आवाज. सकाळी सुरू केली की बोनेटखालून टकटक. सिग्नलला एसीचा कॉम्प्रेसर लागला की स्टिअरिंग आणि सीट थरथरते. पुलावर चढताना इंजिन असं घरघरतं की मागे बसलेली आई विचारते, "गाडी बिघडली का रे?"

सर्व्हिस सेंटरला दरवेळी हेच ऐकतो: "सर, थ्री सिलिंडर आहे, नॉर्मल आहे." ॲव्हरेजचं विचारलं की म्हणतात, "ई-२० मुळे," म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मित्रांकडे वेगवेगळ्या कंपन्यांच्या अशाच गाड्या आहेत आणि सगळ्यांना हीच दोन वाक्यं ऐकवली जातात. जास्त पैसे मोजून मागची गाडी परवडली म्हणायची वेळ यावी, याला प्रगती म्हणायचं का?

रेडलाईन

काका, राग समजतो, पण तुलना अर्धीच केलीत. जुनीची ताकद किती होती आणि नवीची किती? जुन्या गाडीत पूर्ण टॉर्क (चाकं फिरवायचा जोर) चार हजार आरपीएमच्या पुढे मिळायचा, तिथवर तुम्ही कधी गेला नसाल. टर्बोत तो दीड-पावणेदोन हजारांपासून मिळतो. पाय जरा दाबला की गाडी पळते, मग पाय दाबायची सवय लागते, आणि टर्बोने हवा कोंबली की त्या हवेच्या हिशेबात पेट्रोलही जातं. लोड फार वाढला तर एक्झॉस्ट थंड ठेवायला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल टाकलं जातं. हे भौतिकशास्त्र आहे, कंपनीचं कारस्थान नाही.

वजनही बघा. सहा एअरबॅग, जाड पत्रा, सनरूफ, रुंद टायर. भारत एनसीएपीच्या धडक चाचणीत पाच स्टार हवेत आणि १२ चं ॲव्हरेजही हवं, असं कसं चालेल?

आणि साडेनऊ हा आकडा आला कुठून? डॅशबोर्डवरचा की पंपावर फुल टँक ते फुल टँक काढलेला?

वाघोलीकर

फुल टँक ते फुल टँक. तोच पंप, पहिला ऑटो कट. डॅशबोर्ड तर साडेदहा सांगतो, म्हणजे तोही कंपनीच्या बाजूने.

आणि 'पाय दाबायची सवय' वगैरे म्हणू नका. खराडी बायपास ते वाकड पट्ट्यात पाय दाबायला रस्ता कुठे असतो?

उसाचा_फड

शिरोळ तालुक्यातून लिहितोय. ई-२० चं नाव काढलं की शहरातली मंडळी इथेनॉलवर तुटून पडतात म्हणून आधीच आलो. एफआरपीची, म्हणजे उसाच्या ठरलेल्या किमान दराची रक्कम १४ दिवसांत द्यावी असा कायदा आहे, आणि त्या १४ दिवसांचं काय व्हायचं ते आमच्याकडच्या कोणत्याही उत्पादकाला विचारा. कारखान्याला साखरेशिवाय डिस्टिलरीचा, म्हणजे इथेनॉलचा पैसा मिळायला लागला तेव्हा बिलं जरा लवकर यायला लागली. तेल आयातीचे डॉलर वाचतात ते वेगळंच.

इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास असतो. टर्बो इंजिनात नॉकिंग (पेट्रोल नको तेव्हा आपोआप पेटून होणारी ठकठक) कमी व्हायला तो मदतच करतो. दोष द्यायचा तर इंजिन नीट ट्यून न करणाऱ्याला द्या.

वाघोलीकर

दादा, तुमच्याशी भांडण नाही. उलट तुमच्या आडून मला टोलवतात त्यांच्याशी आहे. हिशेब करू. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा, इथेनॉलमध्ये २१. म्हणजे ई-२० च्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ७ टक्के ऊर्जा कमी. पण जुनी गाडी शेवटी शुद्ध पेट्रोलवर नव्हतीच. देशाने सरासरी १० टक्के मिश्रण जून २०२२ मध्येच गाठलं होतं. ई-१० ते ई-२० हा फरक साडेतीन-चार टक्क्यांचा. साडेबाराचे बारा झाले असते तर मी एक अक्षर लिहिलं नसतं. साडेनऊ झालेत, म्हणजे २४ टक्के गेले. बाकीचे २० टक्के कुणाच्या फडात उगवले?

नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही ई-१० साठी बनवून ई-२० साठी ट्यून केलेल्या चारचाकीत घट १ ते २ टक्के धरली आहे. माझी गाडी तर ई-२० साठीच म्हणून विकली गेली.

आणि एक विचारतो, रागावू नका. ऊर्जा कमी तर लिटरचा भाव कमी का नाही?

उसाचा_फड

भाव आम्ही ठरवत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका आदेशाने लगाम घातला, तेव्हा आम्हाला कुणी विचारलं होतं? आणि आता एकूण इथेनॉलमध्ये धान्याचा, मुख्यतः मक्याचा वाटा उसापेक्षा मोठा झालाय. तेव्हा शिव्या मक्यालाही वाटून द्या.

२० टक्क्यांचा हिशेब मात्र मान्य. तेवढं इथेनॉलच्या माथी मारू नये, हेच मी म्हणत होतो.

गॅरेजवाला_अण्णा

चिंचवडला गॅरेज आहे. ॲव्हरेजवर नंतर, आधी आवाजाचं बघू, कारण साहेबांनी तीन वेगळे आवाज एका पोत्यात भरलेत.

सकाळची टकटक: गाडी डायरेक्ट इंजेक्शनची, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी असेल तर बहुतेक नॉर्मल. जुन्या एमपीएफआय पद्धतीत पेट्रोल तीन-चार बारच्या दाबाने यायचं, यात दोनशेच्या वर. पंप आणि इंजेक्टर शिलाई मशीनसारखे वाजतात. इंजिन गरम झाल्यावरही जोरात वाजत असेल तर मात्र तेल आणि टॅपेट बघायला हवं.

सिग्नलची थरथर: चार सिलिंडरमध्ये क्रँक दर १८० अंश फिरला की एक स्फोट, तिनात दर २४० ला. शिवाय तीन सिलिंडरचं इंजिन टोकाटोकाने झुलतं. ते झुलणं माउंटिंगने, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं त्यांनी गिळायचं असतं. माउंटिंग चांगलं तर आत कळत नाही, बसलं असेल तर दात वाजतात. इथे 'नॉर्मल आहे' म्हणून ग्राहकाला हाकलणारा आळशी. बोनेट उघडून, एसी चालू ठेवून, दुसऱ्या तशाच गाडीशेजारी लावून बघायला दहा मिनिटं लागतात.

पुलावरची घरघर: ही बऱ्याचदा चालवणाऱ्याची. आपल्याकडे ॲव्हरेजसाठी टॉप टाकून गाडी ओढायची जुनी सवय. १२०० आरपीएमला चौथ्यात चढ चढवली तर हे इंजिन कण्हणारच, आणि पेट्रोलही वाचत नाही. एक गिअर खाली घ्या.

वाघोलीकर

गिअरचं मान्य नाही अण्णा. पुलावर तिसऱ्यात असतो. माउंटिंगचं मात्र कुणी बोललंच नव्हतं.

अनघा_नाशिक

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझीही तीन सिलिंडरची टर्बो आहे, आणि मी समाधानी आहे. नाशिकहून नागपूरला समृद्धीने जाणं होतं. १२० ची मर्यादा आहे म्हणून १२० ने गेले तर ॲव्हरेज कोसळतं. ९०-९५ वर क्रूझ लावला की १७ च्या पुढे मिळतं. ९० चे १२० केले की हवेचा विरोध जवळपास पावणेदोन पट होतो, आणि एसयूव्हीचं नाक म्हणजे उभी भिंत. जुनी गाडीही १२० ने पळवली असती तर हेच झालं असतं, फक्त तेव्हा तसा रस्ता नव्हता.

घाटात ओव्हरटेक करताना जुन्या गाडीत एसी बंद करावा लागायचा, ते विसरलात का सगळे? कसारा चढताना मला टर्बोच हवी.

वाघोलीकर

ताई, तुमचं सगळं खरं, पण ते हायवेचं. माझं रडगाणं शहराचं आहे आणि या गाड्या जाहिरातीत 'अर्बन एसयूव्ही' म्हणून विकतात.

फुकटचा_सल्ला

इलेक्ट्रिक घ्या. आवाज नाही, ॲव्हरेज नाही, धागा नाही.

अनघा_नाशिक

@फुकटचा_सल्ला सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जर बसवायची परवानगी तुम्ही आणून द्या, उद्या घेते.

चहा_कमी_साखर

इथे सगळे इंजिनावर बोलताहेत, ही इंजिनं मुळात आली का यावर कुणीच नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात 'छोटी गाडी' ठरवली गेली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत. त्याहून एक सीसी जास्त झाला की कर उडी मारतो. जीएसटी आला तरी ती रेघ राहिली. सप्टेंबर २०२५ पासून रेघेच्या आत १८ टक्के, बाहेर ४०. म्हणून चार मीटरच्या आतल्या एसयूव्हीला १२०० सीसीतच सगळं बसवावं लागतं. जड गाडी, छोटं इंजिन, मग टर्बो. रस्त्याची गरज बघून हा आकडा आलेला नाही.

दुसरं कॅफे, म्हणजे कंपनीच्या गाड्यांच्या सरासरी इंधनखपाचा नियम. कंपनीने विकलेल्या सगळ्या गाड्यांचं सरासरी कार्बन उत्सर्जन २०२२-२३ पासून किलोमीटरला ११३ ग्रॅमच्या आसपास हवं. पेट्रोलच्या भाषेत साधारण लिटरला २१ किलोमीटर. पण हे मोजतात कुठे? रोलरवर, सुमारे २० मिनिटांच्या ठरावीक सायकलवर, कमाल वेग ९०, एसी बंद. या सायकलमध्ये वेग इतका हळू वाढवतात की टर्बोला फारसं काम पडत नाही, त्यामुळे छोटं इंजिन छोटंच राहतं आणि आकडा सुंदर येतो. वाकडच्या चौकात एसी लावून दोन टन हलवायचे म्हटलं की तेच इंजिन मोठ्या इंजिनासारखं पितं.

म्हणून वाघोलीकरांच्या पहिल्या वाक्याशी पूर्ण सहमत.

रेडलाईन

दोन टन? १.२ वाली एसयूव्ही माणसं धरूनही दीड टनाच्या आसपास असते. मुद्दा मांडा, पण वजन वाढवू नका.

आणि चाचणीचा आकडा सगळ्यांना सारखा लागू होतो. जुन्या साडेबारावाल्या गाडीचाही कागदावरचा आकडा जास्तच होता की.

चहा_कमी_साखर

दीड टन मान्य, जिभेला हाड नाही. पण कागद आणि रस्ता यातली दरी दोघांची सारखी नसते, मुद्दा तिथेच आहे. टर्बो नसलेलं इंजिन लॅबमध्ये फार चमकत नाही आणि रस्त्यावर फार पडतही नाही.

एडिसनकर

न्यू जर्सीतून. इथे ईपीएने, म्हणजे सरकारी पर्यावरण संस्थेने, २००८ च्या मॉडेलपासून गाडीच्या स्टिकरवरचा ॲव्हरेजचा आकडा काढायची पद्धत बदलली. जास्त वेग, जोरदार ॲक्सिलरेशन, एसी चालू, कडाक्याची थंडी, हे सगळं हिशेबात आलं. एका रात्रीत सगळ्या गाड्यांचे आकडे घसरले, गाड्या मात्र त्याच होत्या. पण शोरूममध्ये जे वाचतो त्याच्या जवळपास रस्त्यावर मिळतं. युरोपात नव्या गाड्या खऱ्या वापराची नोंद स्वतःच ठेवतात. ती जमा करून युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये जाहीर केलं की पेट्रोल गाड्यांचा प्रत्यक्ष खप अधिकृत आकड्यापेक्षा सुमारे २४ टक्के जास्त आहे, तोही त्यांच्या नव्या, कडक चाचणीनंतर.

तेव्हा गाडी वाईट की स्टिकर वाईट, हे वेगळं करा. माझ्या मते पुण्यातल्या गाडीचा बराचसा गुन्हा स्टिकरचा आहे.

वाघोलीकर

स्टिकर खोटा असेल तर पैसे मी स्टिकर बघूनच मोजले होते ना? आणि माझी तुलना स्टिकरशी नाहीच. माझी तुलना माझ्याच जुन्या गाडीशी, त्याच रस्त्यावर, त्याच पायाने चालवलेली. त्यावर अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

गॅरेजवाला_अण्णा

मी देतो. साडेबारा ते साडेनऊ हे सगळंच्या सगळं डिझाइनचं नाही. अशा गाड्या गर्दीत साडेदहा-अकरा देताना मी बघतो. म्हणजे एक-दीडचा कुठेतरी लोचा आहे. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा, ब्रेक घासतोय का कळेल. अलाइनमेंट बघा. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर इंजिन नीट गरम होत नाही आणि पेट्रोल जास्त पितं, तो काटा बघा. कंपनीने टायर बदलून दिलेत का, तेही.

आणि तोंडी बोलू नका. जॉब कार्डवर लिहायला लावा: 'फुल टँक ते फुल टँक साडेनऊ, आयडलला कंपन, माउंटिंग तपासावे.' सही घ्या. 'नॉर्मल आहे' म्हणाले तर तेही तिथेच लिहून मागा. तोंडी नॉर्मल म्हणणारे लिहायची वेळ आली की मॅनेजरला बोलावतात.

रेडलाईन

अण्णांना +१. पण माझं म्हणणं कायम. लोचा काढल्यावर अकरा आले तर काकांनी धाग्याचं शीर्षक बदलावं.

वाघोलीकर

अकरा आले तरी साडेबारा नाहीत. शीर्षक राहील. शनिवारी गाडी देतोय, जॉब कार्डवर काय लिहितात ते इथेच टाकतो.