मदत हवी आहे : माफ केलं म्हणजे पैसे मागायचेच नाहीत का?

मी ऐरोलीत राहते. धाकट्या दिराने रिक्षासाठी आमच्याकडून चाळीस हजार घेतले होते. आता म्हणतो, "वहिनी, ते तर कधीच फेडले." स्वयंपाकघरातल्या डायरीत त्याची निळ्या पेनाने केलेली सही आहे. डबे भरताना ते पान उघडून बघते, आणि पुन्हा जीव जळतो.

रविवारी चर्चच्या उपासनेत येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणताना "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" इथे माझी जीभ अडते. सगळे पुढे जातात, मी गप्प. खोटं कसं म्हणू?

बायबलमधल्या मत्तय 18 मधला येशूने सांगितलेला दाखला किती वेळा वाचला. राजाने एका दासाचं लाखो-कोटींचं कर्ज सोडलं, आणि तोच दास शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. पण दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. शंभर दिवसांची कमाई काही थोडकी नाही हो! येशूने दुखणं लहान आहे असं कुठे म्हटलंय?

सासूबाई आजारी आहेत, तो दर आठवड्याला येतो. चहा देते, पण डोळ्यांत बघवत नाही.

त्याच्याशी आधी एकांतात बोलू, की पान गुपचूप फाडू? पैसे सोडले तर त्याच्या खोट्याला मी पाठीशी घालते का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा. प्रार्थनेतही आठवण ठेवा.