व्हर्च्युअल कोलोनोस्कोपी: रे-कास्टिंगमध्ये लांब उड्या घेतल्या की घड्यांना भोकं पडतात

शेडरवेडा
सीटी कोलोनोग्राफीच्या (फुगवलेल्या मोठ्या आतड्याच्या सीटी स्कॅनच्या) डेटातून आतड्याच्या आत फिरण्यासाठी जीपीयूवर रे-कास्टर (प्रत्येक पिक्सेलमधून किरण सोडून तो भिंतीला कुठे लागतो ते शोधणारा प्रोग्राम) लिहितोय. डेटा 'द कॅन्सर इमेजिंग आर्काइव्ह'वरचा: ५१२×५१२ चे ५०० स्लाइस, १६ बिट, म्हणजे २५० एमबी. व्हॉक्सेलचं (त्रिमितीतल्या पिक्सेलचं) स्पेसिंग ०.७४, ०.७४ आणि १.० मिमी. भिंत −६५० एचयूला (हाउन्सफिल्ड युनिट, सीटीतलं घनतेचं माप) धरतो, स्टेप (किरणावरच्या दोन नमुन्यांमधलं अंतर) ०.३५ मिमी.

कॅमेरा वळणावर असतो तेव्हा सेकंदाला ६० फ्रेम सहज मिळतात, पण सरळ लांब भाग समोर आला की १२-१५ वर येतात. म्हणून रिकाम्या हवेतून उड्या मारायला डिस्टन्स मॅप (प्रत्येक जागेपासून जवळची भिंत किती दूर याची नोंद) केला. −४०० ला मास्क (त्यावरचं सगळं भिंत, खालचं हवा), नॉइज घालवायला एकदा ओपनिंग (मास्क आधी कुरतडून मग तितकाच फुगवणं), मग अंतर व्हॉक्सेलमध्ये मोजून १.० ने गुणणे. वेग आला, पण आतड्याच्या घड्यांना भोकं पडली आणि काही ठिकाणी भिंतीपलीकडचं दिसतं. शिवाय भिंतीवर लाकडाच्या रेषांसारखे पट्टे येतात आणि आतड्यात उरलेल्या द्रवावर एक पातळ पडदा दिसतो. कुठे चुकतंय?

त्रिमिती
डिस्टन्स मॅपमध्येच तीन चुका आहेत, आणि तिन्ही एकाच दिशेने ढकलतात: उडी हवी त्यापेक्षा लांब पडते.

पहिली, थ्रेशोल्ड. घडी जेमतेम दोन-तीन मिमी जाड. पार्शल व्हॉल्यूममुळे (एकाच व्हॉक्सेलमध्ये हवा आणि ऊती मिसळल्यामुळे) तिच्या कडेचे व्हॉक्सेल −५०० च्या आसपासच राहू शकतात. तुमचा शेडर (जीपीयूवरचा रे-कास्टरचा कोड) त्यांना भिंत मानतो, मास्क मात्र हवा. त्यात ओपनिंग म्हणजे पातळ गोष्टी पुसण्याचंच हत्यार. उरलीसुरली घडीही त्यात जाते. नॉइजची भीती इथे फुकट आहे. हवा −१००० ला, भिंत −६५० ला, मध्ये ३५० एचयूची मोकळी जागा आहे.

दुसरी, एकक. १.० ने गुणल्यामुळे स्लाइसच्या पातळीतली उडी ३५ टक्के लांब होते. अंतर काढतानाच तिन्ही अक्षांचं स्पेसिंग मिमीत द्या.

तिसरी, कोपरे. मास्क व्हॉक्सेलवर नको, सेलवर (आठ शेजारी व्हॉक्सेलचे मध्य कोपरे असलेल्या डब्यावर) करा. आठ कोपऱ्यांतली कमाल किंमत −६५० किंवा जास्त असेल तर सेल भरलेला. ट्रायलिनिअर किंमत (आठ कोपऱ्यांवरून काढलेली मधल्या जागेची किंमत) कोपऱ्यांच्या कमाल किमतीपेक्षा कधीच मोठी नसते, त्यामुळे यातून काही निसटत नाही. मग सेलच्या मध्यापासून मध्यापर्यंतच्या अंतरातून सेलचा पूर्ण कर्ण वजा करा: अर्धा किरण स्वतःच्या सेलमध्ये कुठेही असू शकतो म्हणून, अर्धा समोरच्या सेलची जाडी म्हणून. तुमच्या स्पेसिंगला १.४५ मिमी.

साठवायला ८ बिट पुरतात. ०.२५ मिमीचं एकक घेतलं तर ६३.७५ मिमीपर्यंत जाता येतं, फुगवलेल्या आतड्याची त्रिज्या त्याच्या खूप आत असते. राउंडिंग नेहमी खाली. टेक्स्चर निअरेस्टने (सरासरी न काढता जवळचीच किंमत घेऊन) वाचा, आणि सेलचा ग्रिड व्हॉक्सेलपेक्षा अर्ध्या व्हॉक्सेलने सरकलेला असतो हे विसरू नका. बहुतेकांचं उरलेलं भोक तिथेच असतं.

मूळव्हॉक्सेल
फ्रेम का पडतात तेही बघा. १०२४×१०२४ म्हणजे साडेदहा लाख किरण. सरळ भागात एखादा किरण ३० सेंमी गेला तर ०.३५ च्या स्टेपने साडेआठशे नमुने. उड्यांनी मधोमध जाणाऱ्या किरणाचं काम खूपच कमी होतं. भिंतीला घासत जाणाऱ्याचं मात्र तितकं नाही, कारण भिंत जवळ म्हणजे उडी छोटी. म्हणून सरासरीऐवजी सगळ्यात वाईट फ्रेम मोजा.

पट्ट्यांचं कारण वेगळं. उडीनंतर प्रत्येक किरण भिंत वेगवेगळ्या खोलीवर ओलांडतो आणि तुम्ही ओलांडल्यानंतरचाच नमुना पृष्ठभाग धरताय. किंमत −६५० ओलांडली की मागचा आणि पुढचा नमुना घेऊन त्यांच्यातलं अंतर पाचदा अर्धं-अर्धं करा, ०.३५ चे ०.०११ मिमी होतात. स्टेप बारीक करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. तरी जिना दिसला तर नॉर्मलकडे (उजेड मोजायला लागणारी पृष्ठभागाची दिशा) बघा. कुडामध्ये (एनव्हिडियाची जीपीयू प्रोग्रामिंगची प्रणाली) टेक्स्चरच्या हार्डवेअर इंटरपोलेशनचा अपूर्णांक फक्त ८ बिटांचा असतो. नॉर्मल ज्यातून काढता त्या ग्रेडिएंटसाठी (किंमत कोणत्या दिशेने किती बदलते) फरकाचं अंतर एक व्हॉक्सेल ठेवा, पाव व्हॉक्सेल ठेवलंत तर ती खडबड उजेडात येते.

गुळगुळीत दिसावं म्हणून डेटावर मोठा गॉसियन (किमती धूसर करणारा फिल्टर) फिरवू नका. ६ मिमीचा पॉलिप (आतड्याच्या भिंतीवरची गाठ, जी शोधायची असते) तुमच्या स्पेसिंगला आडवा जेमतेम आठ व्हॉक्सेल भरतो.

रेडिओपंत
पडद्याबद्दल. रुग्णाला टॅगिंग (आतड्यातला द्रव स्कॅनमध्ये उजळ दिसावा म्हणून पाजलेलं औषध) दिलेलं असतं, त्यामुळे द्रव २०० एचयूच्या वर जातो. हवेकडून द्रवाकडे जाताना किंमत वाटेत मऊ ऊतीच्या पट्ट्यातून जातेच. तोच एक-दोन व्हॉक्सेलचा खोटा पडदा. भिंत सापडल्यावर ग्रेडिएंटच्या दिशेने आणखी ३ मिमी आत नमुने घ्या. तिथे २०० च्या वर किंमत असेल तर बहुधा तो द्रव आहे, किरण पुढे जाऊ द्या.

'बहुधा' मुद्दाम म्हटलं. पॉलिपवर टॅगिंगचा पातळ लेप बसतो, आणि द्रवात बुडालेल्या पातळ घडीची किंमतही खोटी वाढते. नुसत्या थ्रेशोल्डने साफ केलंत तर घडीच खाल्ली जाईल. जिथून काही काढलंय ती जागा वेगळ्या रंगात दाखवा, म्हणजे वाचणारा डॉक्टर मूळ २डी स्लाइस उघडेल.

शेडरवेडा
सेलची कमाल आणि १.४५ ची वजाबाकी केली, भोकं गेली. वळणांवर थोडा वेग गेला, चालेल. डेटातून द्रव काढून साफसफाई केली की डिस्टन्स मॅप पुन्हा काढावा लागेल का?

त्रिमिती
बरोबर चित्रासाठी नाही. जुन्या मॅपमध्ये द्रव भरलेलाच धरलेला आहे, त्यामुळे उडी आखूडच पडेल, लांब नाही. फक्त द्रवाच्या जागी किरण रांगत जाईल. वेग हवा असेल तर साफ केलेल्या डेटावर पुन्हा काढा, एकदाच लोड होताना.

रेडिओपंत
एक राहिलं. ९० अंशांच्या दृश्यात घडीची मागची बाजू दिसतच नाही. गुदाशयाकडून सीकमकडे (मोठ्या आतड्याचं सुरुवातीचं टोक) आणि उलट अशा दोन्ही फेऱ्या हव्यात, आणि उताणं व पालथं असे दोन्ही स्कॅन. १२० अंश करून एका फेरीत भागवायचा मोह होतो, पण मग कडेचा पॉलिप इतका ताणला जातो की चित्रावरून माप घेण्यात अर्थ राहत नाही.