बॉम जीझसला गाईड घ्याच

जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियर या ख्रिस्ती संताचं शव ज्या पेटीत आहे, ती ‘पेटी लांबूनच बघायची, मग गाईडला पैसे कशाला’ असं काहीजण म्हणतात, ते नाही पटलं. पेटी उंचावर आहे म्हणूनच तर गाईड लागतो! आम्ही सोलापूरहून घरचे सगळे गेलो होतो, गाईडकाकांनी आधी खालचा संगमरवरी चौथरा दाखवला, तो इटलीतल्या टस्कनीचा शासक, ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने दिलेला, फ्लॉरेन्सला घडवून १६९८ मध्ये इथे बसवलेला, आणि वरची सेंट फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी मात्र गोव्यातल्याच कारागिरांनी घडवलेली, हे ऐकून खरंच अभिमान वाटला. शव खाली आणून दर्शन दर दहा वर्षांनी असतं, मागचं जानेवारी २०२५ मध्ये संपलं, तेव्हा त्याची वाट बघत बसू नका. मास (चर्चमधली प्रार्थना) चालू असेल तर ती होऊ द्या, तोवर बाहेरची जांभ्या दगडाची दर्शनी भिंत समजून घ्या.