कोमातल्या वडिलांचं खातं

वडील कोमात असतील तर त्यांचं बँक खातं चालवायला जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करा, असं वर कुणीतरी लिहिलंय. नाही हो. ती समिती १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याची. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व, बहुविकलांगता एवढ्यांपुरतीच. कोमासाठी उच्च न्यायालयात रिट लागते, म्हणजे आपल्याला पालक नेमा असा थेट अर्ज; आपल्या बेळगाव-खानापूरकरांना कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात. केरळ उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये पद्धत आखून दिली: मेडिकल बोर्डात न्यूरॉलॉजिस्ट हवाच, शिवाय तहसीलदाराच्या खालचा नसलेला अधिकारी घरी येऊन बघणार. काकांच्या वेळी आमचा जास्त वेळ गेला तो जमिनीच्या कन्नड उताऱ्यांच्या इंग्रजी भाषांतरात. त्यात नावं जुळेनात: एका उताऱ्यावर ‘पाटील’, दुसऱ्यावर नुसतं वडिलांचं नाव! आणि बहिणींची संमती आधीच लेखी घ्या. आमची आत्या ऐनवेळी रुसली होती.