रिमोट नोकरी असेल तर क्यूबेक सिटीत राहायला काय हरकत आहे?

तटबंदीच्या_आत
परवा एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की फ्रेंच येत नसताना क्यूबेक सिटीत (कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या क्यूबेक प्रांताची राजधानी) राहायला जाणं म्हणजे हौसेनं घेतलेला वनवास. म्हणून हा धागा काढतेय, कारण मी आणि नवरा टोरोंटोशेजारचं मिसिसागा सोडून इथे आलो, दोघांच्या कंपन्या टोरोंटोच्या, काम पूर्ण रिमोट, आणि वनवास वगैरे मला तरी काही वाटत नाही. उलट मला हे कळत नाही की ऑफिसला जायचंच नाहीये तर लोक हायवेशेजारच्या काँडोत एवढं भाडं भरून का बसतात.

आम्ही सेंट-जाँ-बाप्तिस्त भागात राहतो. घरातून निघालं की चालत जुन्या शहराची वेस. १६०८ साली फ्रेंच दर्यावर्दी शाँप्लेननं वसवलेलं गाव, मेक्सिकोच्या उत्तरेला तटबंदी शाबूत असलेलं हे एकच शहर, १९८५ पासून युनेस्कोच्या यादीत. उन्हाळ्यात लंच ब्रेकला तटावरून चक्कर मारून येते. मीटिंग नसतील त्या दिवशी लॅपटॉप घेऊन मेझाँ द ला लितेरात्यूरला जाऊन बसते, जुन्या चर्चमधे केलेली लायब्ररी आहे, पांढरीशुभ्र, असलं को-वर्किंग टोरोंटोत पैसे देऊनही मिळणार नाही. वीज स्वस्त, घरमालकाला डिपॉझिट मागायला कायद्यानंच बंदी, सरकारी अनुदानाचं पाळणाघर मिळालं तर दिवसाला दहा डॉलरच्या आत (मिळालं तर, हे खरंय, वेटिंग असतं).

येऊदेत विरोधी मतं. थंडी आणि फ्रेंच हे दोनच मुद्दे येणार हे माहितीये :)

पार्कएक्स_वाला
ताई, दोनच येणार कारण दोनच आहेत, पण ते लहान नाहीयेत ना. मी माँट्रियलला राहतो, इथे इंग्रजीवर निभावतं. तुमच्याकडे दहातल्या नऊ जणांची मातृभाषा फ्रेंच, इंग्रजीवाले शंभरात एक-दोन. आणि रिमोट नोकरीमुळे हे सोपं होतं असं तुम्ही म्हणताय, मला तर उलटं वाटतं. जो तिथल्या इन्शुरन्स कंपनीत किंवा गेम स्टुडिओत लागतो त्याला ऑफिसच फ्रेंच शिकवतं, लंचरूममधे कान तयार होतो, चुकलं की कलीग हसतात आणि सुधारून देतात. तुमचे दिवसाचे आठ तास इंग्रजीत, संध्याकाळी नवऱ्याशी मराठी, आणि फ्रेंच कुठे, तर बेकरीत. बोंजूर, मेर्सी, कार्ड टॅप, घरी. पाच वर्षांनी पण एवढंच राहणार, शब्द माझा.

शिवाय २०२२ चा फ्रेंच भाषेसाठीचा कायदा, ज्याला लोक ९६ नंबरचा म्हणतात. नवीन आलेल्यांशी सरकार सहा महिन्यांनंतर फ्रेंचमधेच बोलणार. तब्येत, सुरक्षितता वगैरे अपवाद आहेत, पण बाकी पत्रं काय आलीयेत ते फोनवर ट्रान्सलेट करत बसायचं.

तटबंदीच्या_आत
@पार्कएक्स_वाला तुम्ही गृहीतच धरलंत की मी शिकत नाहीये. फ्रांसिझासियों क्यूबेकचे, म्हणजे सरकारी, फ्रेंचचे क्लास फुकट आहेत, ऑनलाईन पण आहेत, संध्याकाळचे पण. मिसिसागाहून डाउनटाउनला जायचे तेव्हा येण्याजाण्यात जो वेळ जायचा तोच आता क्लासला देते. रिमोट नसतं तर हा वेळ कुठून आणला असता?

पार्कएक्स_वाला
क्लासमधे कोण असतं पण? सगळे आपल्यासारखेच. शिक्षिका सावकाश, स्पष्ट बोलते. आणि मग बाहेर प्लंबर येतो त्याचं बोलणं ऐका एकदा, ते क्लासचं फ्रेंच नाही, ते क्यूबेकचं. त्याच्याशी रोज बोलायला काहीतरी कारण लागतं आणि ते कारणच तुमच्या नोकरीनं काढून घेतलंय, एवढंच म्हणणं आहे माझं.

कऱ्हाडचा_गडी
भावांनो फ्रेंच ठेवा बाजूला, हिवाळ्याचं बोला. मी युनिव्हर्सिते लावालला शिकायला होतो, तिथल्याच सेंट-फ्वा भागात राहायचो. वर्षाला तीनेक मीटर बर्फ पडतो, जानेवारीची सरासरीच उणे बाराच्या आसपास, आणि लाट आली की उणे पंचवीसच्या खाली. पण बर्फानं माणूस मरत नाही, बर्फ छान असतो. त्रास होतो तो अंधाराचा आणि बर्फ वितळून परत गोठतो त्या निसरड्याचा. डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य गायब. शहर दोन मजली, वरचं गाव आणि खालचं गाव, मधे जिने, ते जिने मार्चमधे उतरून दाखवा बुटाला क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे खिळे) न लावता.

आणि इथे रिमोटचा खरा घोळ आहे बघा. ऑफिस असलं की शिव्या देत का होईना माणूस बाहेर पडतो, बसस्टॉपवर चार तोंडं दिसतात. घरून काम करणारा माझा एक रूममेट होता, शेवटचं बाहेर कधी पडला होता ते त्याला आठवायला लागायचं. दाढी वाढलेली, कॅमेरा बंद, वर म्हणायचा मला थंडीचा काहीच त्रास नाही. अरे तू थंडीत गेलासच कधी!

गाडी असेल तर अजून मजा. १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे, ते ठीक. पण रात्री बर्फ उचलायची गाडी येणार असली की रस्त्यावरचे लुकलुकणारे दिवे लागतात, ते बघून गाडी हलवली नाही की सकाळी गाडी दुसऱ्याच गल्लीत आणि काचेवर दंडाची पावती.

नागपूरची_नात
काय राव तुम्ही सगळे. नागपूरला मे महिन्यात दुपारी कोणी बाहेर पडते का? कूलरसमोर पडून राहतात अख्खं गाव, तेव्हा कोणी म्हणत नाही का वनवास आहे बाप्पा. मी इथे शहरातच लिमवालू भागात राहते, मी पण रिमोट, आणि मला हिवाळाच जास्त आवडते. प्लेन्स ऑफ अब्राहमवर, जिथे १७५९ ची इंग्रज-फ्रेंचांची लढाई झाली ना, तिथे स्कीचे ट्रॅक पाडून ठेवतात, काम संपलं की तासभर जाऊन येते. शातो फ्रोंतनाक हॉटेलच्या समोर लाकडी घसरगुंडी आहे टोबोगनची, शंभर वर्षांच्या वर जुनी, म्हातारे पण ओरडत खाली येतात. हिवाळी कार्निव्हलच्या दिवसात सेंट लॉरेन्स नदीत बर्फाचे तुकडे वाहात असतात त्यातून लोक होड्या ढकलत वल्हवत शर्यत करतात. येडे आहेत पूर्ण. पण घरी बसून राहणारे नाहीत.

रूममेट कॅमेरा बंद करून बसला तर तो पुण्यात पण बसला असता. शहराचा काय दोष त्यात.

हिशोबी_काका
भावनिक मुद्दे चालूद्यात, मी जरा रुक्ष बोलतो. मूळ धागाकर्तीनं टॅक्सचा उल्लेखच केलेला नाही. ३१ डिसेंबरला तुम्ही ज्या प्रांतात राहता त्या प्रांताचा टॅक्स, कंपनी कुठली का असेना. टोरोंटोच्या कंपनीचं क्यूबेकमधे ऑफिस नसेल तर पगारातून बहुतेक वेळा ओंटारियोच्या हिशोबानं कापतात, मग रिटर्न भरताना क्यूबेक म्हणतं आमचे कुठायत. फेडरलकडे कापलेल्यातला काही भाग क्यूबेककडे वळता करता येतो आणि फेडरल टॅक्सात साडेसोळा टक्के सूट मिळते, पण तरी खिशातून जातातच. रिटर्न दोन भरायचे, एक फेडरल, एक क्यूबेकचा. विक्रीकर दोन्ही मिळून १४.९७५ टक्के, ओंटारियोत १३. भाड्यात वाचवलेलं इथे किती उरतं ते वहीत मांडून बघा. बऱ्याच जणांचं थोडं उरतं, सगळ्यांचं नाही.

नाशिकहून_लॉगिन
मी नाशिकला आहे, कंपनी पुण्याची, पूर्ण रिमोट. व्हिजिटर म्हणून सहा महिने तिथे राहून इथलंच काम करता येतं असं ऐकलंय, खरंय का? फोटो बघून डोकं फिरलंय माझं.

हिशोबी_काका
@नाशिकहून_लॉगिन खरं आहे, व्हिजिटर म्हणून राहून परदेशी कंपनीचं काम करता येतं, कॅनडातल्या कंपनीचं करायचं नाही. तुमच्या कंपनीची लेखी परवानगी आधी घ्या, नाहीतर तिकडून शेपूट निघेल. पण घड्याळाचा विचार केलात का? हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक. पुण्याचे सकाळचे दहा म्हणजे तिथले आदल्या रात्रीचे साडेअकरा, पुण्याचे संध्याकाळचे सात म्हणजे तिथले सकाळचे साडेआठ. रात्रभर काम, सकाळी झोप, आणि उठाल तेव्हा कऱ्हाडच्या गड्यानं सांगितलेला सूर्य मावळत असेल. फोटोतलं शहर तुम्हाला फोटोतच बघायला मिळणार.

दादरचा_नळ
सगळ्यांचं वाचलं, एक गोष्ट कोणी बोलतच नाहीये म्हणून लिहितो, राग आला तर येवो. क्यूबेक सिटीत रिकामी घरं शंभरात एक-दीड मिळायची मारामार. जुन्या तटाच्या आत कायम राहणारी माणसं वर्षानुवर्षं कमी होत चाललीयेत, घरं टुरिस्टांना जातात. त्यात टोरोंटोच्या पगाराचे लोक आले आणि म्हणाले वा, भाडं किती स्वस्त. स्वस्त तुम्हाला. तिथल्या शाळामास्तरला नाही. हेच आसगावला झालं, दिल्ली-मुंबईचे लोक लॅपटॉप घेऊन गोव्यात गेले आणि गोवेकराला स्वतःच्या गावात भाड्यानं घर परवडेना, तेव्हा आपण सगळे गोवेकराच्या बाजूनं पोस्टी टाकत होतो. मुंबईत वर्षानुवर्षं राहून मराठी न बोलणाऱ्यावर आपण किती पानं लिहिलीत? आणि आपण परदेशात गेलो की लगेच "इंग्रजीवर चालतं हो". हे कसं काय?

तटबंदीच्या_आत
@दादरचा_नळ राग आलाच. मी एअरबीएनबी घेतलेलं नाही, वर्षाच्या करारावर राहते, टॅक्स इथेच भरते (काकांनी आत्ताच मोजून दाखवला किती), किराणा इथून, फ्रेंच शिकतेय. अजून काय करायचं म्हणजे माणूस "स्थानिक" होतो? आणि मिसिसागात भाडी वाढली तेव्हा कोण आलं होतं माझ्या बाजूनं पोस्टी टाकायला.

दादरचा_नळ
तुम्ही वैयक्तिक घेऊ नका. पण "लायब्ररी छान, वीज स्वस्त, तट सुंदर" या पूर्ण पोस्टमधे तिथला एक माणूस नाही. दगड आहेत, दर आहेत. शेजारी कोण आहे तुमचा?

नागपूरची_नात
हे जरा लागलं, पण बरोबर आहे. मला पण पहिल्या हिवाळ्यात कोणी माहीत नव्हतं. एकदा मोठी बर्फवृष्टी झाली आणि शेजारच्या आजोबांनी न विचारता माझ्या पायऱ्या उपसून दिल्या, दुसऱ्या वेळी मी त्यांच्या उपसल्या, मग बोलणं सुरू झालं. ते रिमोट म्हणून थांबलं पण नाही आणि सुरू पण झालं नाही, फावड्यानं झालं. बाकी मोरिन सेंटर आहे इंग्रजीवाल्यांचं, जुन्या तुरुंगाच्या इमारतीत, पण तिथेच जात राहिलात तर तुरुंगातच राहाल.

पार्कएक्स_वाला
एक राहिलंच. मूल झालं की? बहुतेकांना फ्रेंच शाळाच, आईवडलांपैकी एकजण कॅनडात इंग्रजीत शिकलेला असेल तर गोष्ट वेगळी. टेम्पररी परमिटवाल्यांना सूट मिळते ती पण तीन वर्षांपुरतीच. म्हणजे सहाव्या वर्षी पोरगं फाडफाड बोलणार आणि पालकसभेत आईवडील त्याच्या तोंडाकडे बघणार, काय म्हणाल्या रे मॅडम. मग ते त्याला सोयीचं तेवढंच सांगणार. माँट्रियलला बघतोय की मी हे.

तटबंदीच्या_आत
ते होऊ नये म्हणूनच आत्तापासून क्लास लावलाय हो. आणि सहा वर्षांच्या पोराला आईपेक्षा चांगलं फ्रेंच आलं तर मी पेढे वाटीन, तुमच्या माँट्रियलच्या पार्कएक्सहूनच मागवते, इथे बरे मिळत नाहीत.

नाशिकहून_लॉगिन
मग मी हिवाळा सोडून उन्हाळ्यात येऊ का? तेव्हा फरक साडेनऊ तासांचा होतो ना, आणि उजेड पण भरपूर.

कऱ्हाडचा_गडी
ये की. फक्त १ जुलैला येऊ नको. बहुतेक भाडेकरार ३० जूनला संपतात, त्यामुळे त्या दिवशी अख्खा प्रांत घर बदलत असतो, ट्रक मिळत नाही, जिन्यात फ्रीज अडकलेला असतो. किंवा त्याच दिवशी ये, सोफा उचलायला माणसं कमीच पडतात, आणि तेवढ्यात चार लोकांशी ओळख होईल.